चौऱ्यांशी लक्षांची यादी आणि न उघडलेले कोठार

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा धान्याचे भाव, साठ्याची मर्यादा अथवा कराचा बोजा यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांचे आमच्याहून अधिकारी लेखक आपल्या संघटनेत पुष्कळ आहेत. आम्ही मात्र या वेळी वाचकांपुढे एक निराळाच हिशेब मांडणार आहोत. तो पैशाचा नाही. परंतु व्यापाऱ्याने तपासावा असा तो निश्चित आहे.

प्रतिक्रमणात आपण 'सात लाख' म्हणतो. पृथ्वीकाय, अप्काय, तेउकाय आणि वायुकाय यांच्या प्रत्येकी सात लक्ष योनी, प्रत्येक वनस्पतीच्या दहा लक्ष, साधारण वनस्पतीच्या चौदा लक्ष, दोन, तीन व चार इंद्रियांच्या जीवांच्या प्रत्येकी दोन लक्ष, देव, नारकी व तिर्यंच पंचेंद्रिय यांच्या प्रत्येकी चार लक्ष आणि मनुष्याच्या चौदा लक्ष. एकूण बेरीज चौऱ्यांशी लक्ष. बेरीज अचूक आहे. व्यापाऱ्याच्या जिभेवर ती सहज बसते. त्या सर्व जीवांपैकी ज्यांना आपल्याकडून दुःख झाले त्यांची आपण क्षमा मागतो, आणि आसन गुंडाळून घरी येतो.

आता एक प्रश्न विचारतो. पेढीवर असा एखादा मुनीम असेल, की ज्याला मालसाठ्याची यादी तोंडपाठ आहे, जो ती दररोज शुद्ध उच्चाराने वाचून दाखवितो, परंतु ज्याने कोठाराचे दार उघडून आत काय आहे हे एकदाही पाहिलेले नाही, तर अशा मुनिमाला आपण किती दिवस ठेवू? जीवसृष्टीच्या बाबतीत आपण सर्वजण, आणि त्यांत आम्ही अग्रभागी, असेच मुनीम झालो आहोत. आपण दया करतो, परंतु ज्याच्यावर करतो त्याच्याकडे पाहत नाही. न पाहता केलेली दया कधी आंधळी होते आणि कधी घातकही होते, हे या लेखात आम्हांला सांगावयाचे आहे.

आपले पूर्वज असे नव्हते. ज्या सुरतेच्या परिसरात आज आपण व्यापार करतो, ती सुरत सतराव्या शतकात जगभरच्या जहाजांचे बंदर होती, आणि येथे उतरणारे परदेशी प्रवासी दोन गोष्टी पाहून चकित होत असत. पहिली येथील व्यापाऱ्यांची संपत्ती, आणि दुसरी त्यांनी चालविलेली जनावरांची रुग्णालये. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने १६२३ साली खंबायत येथे पक्ष्यांचे रुग्णालय पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज धर्मोपदेशक १६८९ साली सुरतेस आला. गाई, घोडे, बकऱ्या, कुत्री यांसाठी येथे रुग्णालय आहे, आणि त्याच्याजवळच ढेकूण, पिसवा इत्यादी क्षुद्र जंतूंच्या रक्षणाचे दुसरे स्थान आहे. त्या जंतूंना आहार मिळावा म्हणून एखाद्या गरीब मनुष्याला पैसे देऊन रात्रभर तेथे खाटेवर निजविले जाते, असे त्याने नमूद केले आहे. त्याच्या देशबांधवांना हे वाचून हसू आले असेल. खाटेवर निजणाऱ्या त्या गरिबाचा विचार मनात आला, की आम्हांलाही ती व्यवस्था निर्दोष वाटत नाही. परंतु एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. ढेकूण काय खातो, कोठे राहतो, कशाने जगतो याचा विचार ज्या समाजाने केला, त्याने ढेकणाकडेही एक जीव म्हणून निरखून पाहिले होते.

गुजरातेतील जुन्या पांजरपोळांत 'जीवातखाना' नावाची एक खोली असे. तिची आठवण धान्यव्यापाऱ्यांनी तरी विसरू नये. कीड लागलेले धान्य आणि झाडून काढलेला कचरा किड्यांसह त्या खोलीत टाकीत, त्यांना खाण्यासाठी वर आणखी थोडे धान्य घालीत, आणि खोली भरली की ती वर्षानुवर्षे बंद ठेवीत. ज्या किड्याने गोणीचे नुकसान केले त्यालाच पुन्हा मूठभर धान्य घालणारा तो व्यापारी आमच्याच धंद्यातला होता.

आता मंदिरात येऊ. मूर्तीच्या पीठावर कोरलेल्या लांछनांकडे आपण किती वेळा थांबून पाहिले आहे? श्वेतांबर परंपरेनुसार मोजले तर चोवीस तीर्थंकरांपैकी पंधरांची लांछने पशुपक्ष्यांची आहेत: वृषभ, हत्ती, अश्व, वानर, क्रौंच, मकर, गेंडा, महिष, वराह, श्येन, हरिण, बोकड, कासव, सर्प आणि सिंह. नेमिनाथांचा शंखही एका जलचराचेच घर आहे. दिगंबर परंपरेत अनंतनाथांच्या पायाशी श्येनाऐवजी साळिंदर येते, आणि अरनाथांच्या पायाशी मत्स्य येतो. या यादीत गाय नाही आणि कबूतरही नाही. डुक्कर मात्र आहे, महिष आहे, साप आहे, ससाणा आहे. ज्यांना लोक अमंगल, कुरूप, क्रूर अथवा भयंकर म्हणतात, त्यांना परंपरेने भगवंतांच्या चरणापाशी जागा दिली. समवसरणाच्या चित्रात सिंहाशेजारी हरिण आणि मुंगसाशेजारी नाग बसलेला दिसतो, त्यामागेही हाच भाव आहे. ती सभा एका जातीच्या प्राण्यांची असती तर तिला समवसरण म्हणण्याचे कारण उरले नसते.

या लांछनांतील प्राणी आज कोठे आहेत, याची चौकशी करण्याची बुद्धी आम्हांला फार उशिरा झाली. भगवान महावीरांचे लांछन जो सिंह, तो एके काळी पश्चिम आशियापासून बिहारपर्यंत रानोमाळ हिंडत होता. आज आशिया खंडाच्या रानात तो केवळ आपल्या गुजरातेत, गीर आणि त्याच्या आसपासच्या सौराष्ट्रात उरला आहे. २०२५ सालच्या गणनेत त्याची संख्या ८९१ भरली. श्रेयांसनाथांचे लांछन जो गेंडा, तो तर पुरातन काळी खुद्द गुजरातेत होता. मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकळिया यांनी केलेल्या उत्खननात गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले. आज गेंडा पाहावयाचा तर आसामात जावे लागते. काझीरंगात २०२२ साली २,६१३ गेंडे मोजले गेले. मूर्तीखालचा गेंडा दगडात टिकला, परंतु ज्या मातीत तो चरत होता तेथून तो गेला, आणि आपण पूजा करीत राहिलो.

कोणी म्हणेल, सिंह-गेंडे पाहण्यास व्यापाऱ्याला वेळ कोठे? त्यासाठी आम्ही आपल्या गोदामातलाच दाखला देतो. आमचा धंदा घाऊक धान्याचा. चलथाणच्या आसपास ऊस अधिक, धान्य बाहेरून येते; गहू, तांदूळ, ज्वारी, डाळी यांच्या गोण्या रचल्या जातात, आणि पावसाळा लागला की सोंडे डोके वर काढतात. चाळीस वर्षे आम्ही या किड्याला पाहत आलो, म्हणजे वानगीच्या मुठीत तो दिसला की भाव पाडून मागण्याचे अथवा भाव सोडण्याचे निमित्त म्हणून पाहत आलो. त्याच्यावर धुरी देण्याच्या गोळ्याही आमच्या गोदामात वापरल्या गेल्या आहेत. ही गोष्ट आम्ही लपवीत नाही. लपविली तर पुढे जे लिहावयाचे आहे ते लिहिण्याचा आम्हांला अधिकार राहणार नाही.

आमचे एक भाचे सुरतेत हिऱ्यांचे काम करतात. ते एका सायंकाळी पेढीवर आले असता आमच्या नातवाने त्यांचे हिरे पारखण्याचे भिंग हाती घेतले आणि गव्हाच्या वानगीवर धरले. क्षणभराने तो ओरडला, "आजोबा, याला तर हत्तीसारखी सोंड आहे!" मुलाच्या समाधानासाठी आम्ही भिंग डोळ्याला लावले, आणि नंतर बराच वेळ ते खाली ठेवू शकलो नाही. ज्याला आम्ही काळपट कचरा समजत होतो तो किडा गडद तपकिरी रंगाचा होता; पाठीच्या कवचावर चार तांबूस ठिपके, मानेवर टाके घातल्याप्रमाणे ओळीने खळगे, पुढे निमुळती सोंड, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोपरात वाकवलेल्या हातांसारख्या दोन मिशा. सोनाराने इतक्या लहान जागेत इतके काम करून दिले असते तर त्याची मजुरी देणे आपल्याला कठीण गेले असते.

पुढे चौकशी केली तेव्हा त्याची वृत्तीही कळली. मादी सोंडेच्या टोकाने दाण्याला छिद्र पाडते, त्यात एक अंडे ठेवते आणि आपल्याच अंगच्या चिकट द्रव्याने ते छिद्र बुजविते. बाहेरून दाणा अखंड दिसतो. आत एक जीव जन्मतो, वाढतो, कोश करतो आणि शेवटी दाणा पोखरून बाहेर येतो. एका गव्हाच्या दाण्यात एक संपूर्ण बालपण सामावलेले असते. त्याचा एक भाऊबंद तर उडूही शकत नाही. मनुष्याने धान्य साठविण्यास आरंभ केला तेव्हापासून तो मनुष्याच्याच गोण्यांतून देशोदेशी गेला. आपण त्याला चोर म्हणतो, परंतु तो आपल्या धंद्याचा हजारो वर्षांचा सहप्रवासी आहे.

त्यानंतर आम्ही शांतिसूरींचे 'जीवविचार' प्रकरण पुन्हा उघडले. लहानपणी पाठशाळेत त्याच्या गाथा आम्ही घोकल्या होत्या. त्रींद्रिय जीवांच्या नामावळीत मुंगी, वाळवी, ढेकूण, शेणकिडा, मृगाच्या पावसात दिसणारा तांबडा मखमली इंद्रगोप, आणि त्यांच्यासोबतच धान्यकीट! आमच्या गोदामातला जीव शेकडो वर्षांपूर्वी एका आचार्यांनी नाव घेऊन नोंदविला होता, आणि आम्ही चाळीस वर्षे त्याच्यासोबत राहून त्याचे तोंडही पाहिले नव्हते. आजचे कीटकशास्त्र त्याला डोळेही आहेत असे सांगते, आणि भिंगातून ते आम्हांलाही दिसले. इंद्रियांच्या गणनेचा हा वाद आम्ही विद्वानांवर सोपवितो. आम्हांला एवढेच कळले, की ज्यांनी ती नामावळी केली ते जमिनीकडे डोळे लावून चालणारे, बारकाईने पाहणारे पुरुष होते. त्यांची ईर्यासमिती हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

एक दार उघडले की कोठार केवढे मोठे आहे याची कल्पना येऊ लागते. आजपर्यंत शास्त्रज्ञांनी नावे दिलेल्या कीटकांच्या जातीच सुमारे दहा लक्ष आहेत, आणि त्यांपैकी कवचधारी भुंग्यांच्या सुमारे चार लक्ष. पक्ष्यांच्या जाती अकरा हजारांच्या घरात, सस्तन प्राण्यांच्या सुमारे साडेसहा हजार. 'जीवविचारा'त धान्यकीटाशेजारी ज्याचे नाव आले, त्या शेणकिड्याच्या एका आफ्रिकी जातीविषयी २०१३ साली असे सिद्ध झाले, की रात्री शेणाचा गोळा लोटीत नेताना तो आकाशगंगेच्या पट्ट्यावरून आपली दिशा राखतो. शेणात राहणारा जीव आकाशाचा आधार घेतो! अंटार्क्टिकाच्या हिमात सम्राट पेंग्विन नावाच्या पक्ष्याचा नर आपल्या पायांवर अंडे घेऊन भर हिवाळ्यात दोन महिन्यांहून अधिक काळ उभा राहतो आणि त्या ऋतूत शंभराहून अधिक दिवस अन्नावाचून काढतो. मासखमणाच्या पारण्याला वाजतगाजत जाणाऱ्या आपल्या समाजाने त्या पित्याचीही मनोमन अनुमोदना करावी असे आम्हांला वाटते. २०२२ साली गॉडविट जातीच्या एका अल्पवयीन पक्ष्याने अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटरचा प्रवास अकरा दिवसांत, कोठेही न उतरता केला.

इतके दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. हिवाळ्यात आपल्या चलथाणच्या शिवारावर गुलाबी अंगाच्या भोरड्यांचे थवे उतरतात. त्या पूर्व युरोप व मध्य आशियातून आलेल्या असतात. पिकाचे दाणे त्या खातात हे खरे, परंतु टोळ-नाकतोडेही त्याच खातात. तोडणीच्या दिवसांत खानदेशातून व डांगेतून मजूर येतात, आणि उसाच्या फडात कोयता चालू झाला की उडणाऱ्या किड्यांसाठी गायबगळे मागे मागे चालतात. सुरत जिल्ह्यातील उसात बिबट्याची मादी पिले घालते. तोडणी करताना पिले सापडली तर वनखात्याचे लोक ती तेथेच ठेवून आईने परत न्यावी म्हणून रात्र जागवितात. साखरेचे पोते विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला यांतले काही माहीत नसते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. न पाहता केलेली दया घातक होते, असे वर म्हटले. त्याचे उदाहरण गिधाडाचे आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी गावाबाहेर ढोर पडले की घटकाभरात गिधाडांचा थवा उतरत असे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या शेकडा ९९ हूनही अधिक घटली. कोणी त्यांना बंदुकीने मारले नाही. आजारी जनावरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅक नावाचे औषध दिले जाई. ते जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत. हे कारण २००४ साली प्रसिद्ध झाले, आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर आपल्या देशात बंदी आली.

या घटनेतला बोचणारा भाग आम्ही स्पष्ट लिहितो. विव्हळणारी गाय पाहून तिला ते औषध टोचणारा हात क्रूर नव्हता. पुष्कळ ठिकाणी तो दयेचाच हात होता. एका जीवाचे दुःख शमविताना दुसऱ्या जीवाची जातच्या जात संपत होती, आणि कोणाला पत्ता नव्हता, कारण गिधाडाकडे प्रेमाने पाहणारे आपल्यांत कोणी नव्हते. ते आपल्याला ओंगळ वाटत होते. वास्तविक विमलसूरींच्या 'पउमचरियं'तला जटायू मुनींच्या उपदेशाने श्रावकाची व्रते घेतो; तरीही त्याचे वंशज मुकाट्याने नाहीसे होत असता आपल्या एखाद्या सभेत त्याविषयी ठराव झाल्याचे आमच्या स्मरणात नाही. हानी गिधाडांचीच झाली असेही नाही. मृत ढोरे उघड्यावर कुजू लागली, भटकी कुत्री वाढली, रोगराई वाढली. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लक्ष अधिक माणसे मृत्यू पावली असावीत, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने वर्तविला आहे. मुंबईत पारशी बांधवांना आपल्या दोखम्यांवर सूर्यकिरण एकवटणारी साधने बसवावी लागली. जीव परस्परांना उपकारक आहेत, हे उमास्वातींनी सूत्ररूपाने सांगून ठेवले आहे. गिधाडाने ते आपल्याला खतावणीसारखे उलगडून दाखविले.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. २०२५ सालच्या पावसाळ्यात मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून मोठा वाद माजला. आरोग्याच्या कारणावरून महानगरपालिकेने तो बंद केला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि आपल्या समाजातील अनेकांची मने दुखावली. कबुतराला दाणे घालणाऱ्याच्या भावनेचा आम्ही आदरच करतो. आमच्या पेढीवरूनही चबुतऱ्यासाठी ज्वारी जात आली आहे. तथापि त्या वादाने आम्हांला एक प्रश्न विचारावयास लावले. अकरा हजार जातींच्या पक्ष्यांपैकी आपली सारी पक्षिदया एकाच पक्ष्यावर का येऊन थांबली? कबुतराला दाणा घालणे सोपे आहे. गोणी ओतली की पुण्य पदरात पडले. चिमणीला घरट्याची जागा हवी, पोपटाला जुन्या झाडाची ढोली हवी, बगळ्याला तळे हवे. त्यासाठी आधी त्यांच्याकडे पाहावे लागते, आणि पाहण्यास वेळ लागतो.

पाहून केलेल्या दयेचेही उदाहरण आपल्याच समाजाने घालून दिले आहे. राजस्थानात फलोदीजवळ खीचन नावाचे गाव आहे. हिमालय ओलांडून मंगोलियासारख्या दूरच्या देशांतून कुरजा नावाचे राखी रंगाचे, काळ्या गळ्याचे डौलदार करकोचे तेथे दरवर्षी थंडीत येतात. गावातल्या जैन कुटुंबांनी त्यांच्यासाठी कुंपण घातलेले चुगाघर केले आणि गोण्याच्या गोण्या ज्वारी घातली. आज तेथे हजारो कुरजा उतरतात, आणि त्या पाहण्यासाठी देशोदेशीचे लोक येतात. जून २०२५ मध्ये खीचनच्या पाणथळीला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत, स्थान मिळाले. खीचनच्या लोकांना कुरजा केव्हा येतात, केव्हा जातात, कोठे पाणी पितात, कोठे रात्र काढतात हे सारे ठाऊक असते. दाणा आपल्यासारखाच आहे, परंतु त्यामागे डोळा आहे. सुमतिनाथांच्या चरणापाशी जो क्रौंच आहे, त्याचा जिवंत आप्त तेथे मारवाडच्या वाळूत दाणे टिपीत असतो.

आमच्या एका स्नेह्यांनी या विषयावर आक्षेप घेतला. ते म्हणाले, "भाऊसाहेब, शास्त्र तर रूपाच्या मोहापासून दूर राहण्यास सांगते. प्राण्यांचे सौंदर्य पाहत बसणे हीही एक आसक्तीच नव्हे काय?" आक्षेप विचार करण्यासारखा आहे. आमचे उत्तर असे, की ज्या पाहण्यातून पिंजऱ्यात घालण्याची, कातडे भिंतीवर टांगण्याची अथवा हस्तिदंताच्या बांगड्या करण्याची इच्छा उपजते, ते पाहणे मोहाचे होय. ज्या पाहण्यातून पाय जपून टाकण्याची बुद्धी होते, ते पाहणे यतनेचे होय. मेघकुमार पूर्वभवी हत्ती असता वणव्यातून वाचण्यासाठी पायाखाली आलेला ससा त्याने पाहिला म्हणूनच त्याने पाय वर धरून ठेवला. त्याने पाहिले नसते तर दया करण्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

भिंगातून तो सोंडकिडा पाहिल्यावर आमच्या गोदामात काय बदलले, हेही सांगितले पाहिजे. अन्यथा हा लेख कोरडा उपदेश ठरेल. गृहस्थाला उद्योगी हिंसा सर्वस्वी टळत नाही, हे शास्त्रकारांनीच मान्य केले आहे, आणि आमचा व्यवसाय पूर्ण निर्दोष झाला असा दावा आम्ही करीत नाही. परंतु जीव उत्पन्न होऊ दिल्यावर मारण्यापेक्षा तो उत्पन्नच होऊ न देणे, हा यतनेचा मार्ग आपल्याला मोकळा आहे. धान्य जितके कोरडे तितकी सोंड्यांची पैदास कमी. ओलावा नऊ टक्क्यांखाली आला की ती जवळजवळ थांबते. म्हणून ओला माल स्वस्त मिळाला तरी आम्ही आता घेत नाही. जुने बारदान नव्या मालाजवळ ठेवीत नाही, थप्पी भिंतीपासून व जमिनीपासून सोडून लावतो, फटी बुजवितो, माल पावसाळ्यापूर्वी काढून टाकतो. यात भांडवल अधिक अडकते आणि काही सौदे हातचे जातात. तो तोटा आम्ही खर्चाच्या बाजूस लिहितो, आणि त्याचा आम्हांस पश्चात्ताप होत नाही.

संघटनेच्या सभासदांपुढे आम्ही नम्रपणे काही सूचना ठेवतो. पांजरपोळास देणगी देताना तेथे जनावरांना कोणती वेदनाशामक औषधे दिली जातात हे प्रत्येकाने विचारावे. २०२३ साली अ‍ॅसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांवरही बंदी आली आहे, आणि मेलोक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असलेले औषध उपलब्ध आहे. धान्यव्यापाऱ्यांनी कीड न होऊ देण्याच्या उपायांची माहिती एकमेकांना द्यावी. ही व्यापारातली गुपिते समजू नयेत. चबुतऱ्याच्या निधीतला काही भाग पाण्याची कुंडी, वड-पिंपळ-उंबर यांसारखी झाडे आणि गावतळी यांकडे वळवावा. उत्तरायणात घरच्या मुलांच्या हाती काच लावलेला मांजा देऊ नये. गुजरात सरकारचे करुणा अभियान २०१७ पासून दरवर्षी त्या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी चालते, त्यास मनुष्यबळ द्यावे. आणि प्रत्येक पाठशाळेत 'जीवविचारा'च्या पोथीशेजारी एक भिंग ठेवावे. खर्च अल्प आहे. सुरतेच्या बाजारात भिंगांना तोटा नाही. एका बाजूने हिरे पाहावे, दुसऱ्या बाजूने जीव.

संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. ज्याची क्षमा मागावयाची त्याचे तोंडही न पाहता मागितलेली क्षमा देणे तरी त्याला कसे शक्य होईल? पुढच्या संवत्सरीपूर्वी प्रत्येक वाचकाने या चौऱ्यांशी लक्षांच्या यादीतल्या निदान एका जीवाकडे, मग तो गीरचा सिंह असो, शिवारातला बगळा असो अथवा गोणीतला सोंडकिडा असो, घटकाभर डोळे भरून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे. या लेखात जाणता-अजाणता कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. आणि ज्याच्याशी चाळीस वर्षे वैर केले त्या धान्यकीटालाही, या वेळी त्याला पाहून, ओळखून, मिच्छामि दुक्कडम्.